बिल किती झालं?

जळकोटात “हैदराबादला जाऊलालो” असं म्हटलं की समोरचा माणूस आधी चेहरा पाडतो आणि मग आवाज उतरवून विचारतो, “कोण ॲडमिट हाय?” त्याचं काही चुकत नाही. आमच्या भागातून उदगीर, बीदर, जहिराबाद, संगारेड्डी करत जाणाऱ्या जीपमध्ये एक्स-रेची पाकिटं असतात, शहाळी असतात आणि मागच्या सीटवर आडवा झालेला एक माणूस असतो. पोट दुखलं की उदगीर, थांबेना की लातूर, आणि लातूरच्या डॉक्टरनं चष्मा काढून पुसायला घेतला की हैदराबाद, अशी आमची चढती भाजणी आहे. तेव्हा मे २०२३मध्ये घरातले सगळे धडधाकट असताना, सुट्टी काढून, एक रात्र चांगलंचुंगलं जेवायला म्हणून आम्ही हैदराबादला चाललोय, हे गावात कुणाला पटेना. शेजारच्या काकूंनी तर निघताना आईच्या हातात अंगाऱ्याची पुडी ठेवली.

निमित्त होतं अण्णा आणि आईच्या लग्नाच्या पन्नाशीचं. त्यांचं लग्न १९७३च्या उन्हाळ्यातलं, म्हणजे बहात्तरचा दुष्काळ ऐन भरात असतानाचं. त्या लग्नात पंगतीला काय होतं असं विचारलं तर दोघंही वेगवेगळं सांगतात. भाकरी मात्र अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची होती यावर दोघांचं एकमत आहे. या वेळी तरी त्यांना नीट जेवू घालायचं, असं मी आणि अक्कानं ठरवलं. गावात हॉल घेऊन पाचशे पानं उठवावीत अशी एक सूचना भावकीतून आली होती. अण्णांनी ती एका वाक्यात मोडली. “पाचशे जणांला बलावलं की सहाशे रुसतेत.”

आता आमच्याकडे थोर जेवण म्हणजे जास्त पानं, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांचा. वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यात काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. गावंच्या गावं कुलपं लावून शेतात जातात, लातूरच्या बाजारपेठेत भर दुपारी चिटपाखरू नसतं, कलेक्टर स्थानिक सुट्टी जाहीर करतात, आणि ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात हक्कानं जाऊन भज्जी, उंडे आणि आंबील हाणतो. त्याला कुणी ‘या’ म्हणायचीही गरज नसते. उलट न येणाऱ्याला जाब द्यावा लागतो. कंदुरीचंही तेच. नवस बोलतो पाटील, बकरं कापतो मुलाणी आणि जेवतं सगळं गाव. महागड्या हॉटेलाचं गणित याच्या बरोबर उलटं चालतं. टेबल दोघांचं, ताट परातीएवढं, परातीच्या मधोमध चमचाभर काहीतरी, आणि उरलेल्या रिकाम्या जागेचं भाडं आपण भरायचं.

आमच्या रस्त्यावरच्या हॉटेलांची पारख सोपी असते. बाहेर ट्रक किती उभे आहेत ते बघायचं. ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ या पाटीखालचा पडदा धुतलेला आहे की नाही ते बघायचं. आत गेल्यावर मसाला पापड मागवायचा. तो कांद्यासकट कडक आला तर पुढची भाजी बरी असणार. पाहुणा मोठा असेल तर काजूकरी, बेताचा असेल तर शेवभाजी, आणि पाहुण्याकडे आपले पैसे अडकले असतील तर दोन्ही. ही परीक्षा पास होणारं हॉटेल उदगीरपर्यंत कुठंही मिळतं. पण पन्नाशीला काजूकरी म्हणजे कमीच.

मग गावांची नावं निघाली. गोवा म्हटलं तर दाजी म्हणाले, “म्हातारा-म्हातारीला घेऊन गोव्याला गेलो तर लोक म्हणतील, पोरांला प्यायचं होतं, मायबापाला सोबतीला नेलंय.” नांदेड म्हटलं तर आईनं हात जोडले. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात कुणीही जाऊन पोटभर जेवावं, कुणी जात विचारत नाही, गाव विचारत नाही, आणि पैसे तर नाहीच नाही. अशा गावात जाऊन महागडं हॉटेल शोधणं तिला पाप वाटलं. पुणं अण्णांनी कारण न देता कापलं. राहिलं हैदराबाद.

इथपर्यंत ठीक होतं. घोळ अक्काच्या मुलानं केला. तो डॅलसला असतो. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “मामा, इकडे खास दिवशी सगळे स्टेकहाऊसला जातात. तुम्हीपण तसलंच काहीतरी बघा. हैदराबादमध्ये आता सगळं मिळतं.” आणि मग त्यानं अण्णांना, म्हणजे स्वतःच्या आजोबांना, स्टेकहाऊस समजावून सांगायला घेतलं. लाकडी भिंती, मंद दिवे, पांढरं टेबलक्लॉथ, आणि ताटात मांसाचा एकच जाड तुकडा. रस्सा नाही. मसाला नाही. मीठ आणि मिरपूड. जोडीला उकडलेला बटाटा.

“रस्सा न्हाई?” अण्णा म्हणाले.

“नाही अण्णा.”

“मग ते कशासंगं खायचं?”

याला डॅलसकडे उत्तर नव्हतं. त्यानं विषय बदलायला म्हणून टेक्सासातल्या अमॅरिलो गावचं एक हॉटेल सांगितलं. तिथं १९६०पासून पैज चालू आहे: ७२ औंसांचा, म्हणजे दोन किलोंहून थोडा जास्त स्टेक, वर बटाटा, कोळंबी, सॅलड आणि पाव, एवढं सगळं तासाभरात संपवलं तर फुकट, नाही संपलं तर पूर्ण पैसे. हे मात्र अण्णांना लगेच कळलं. लग्नात जिलेबीवर लागणाऱ्या पैजा त्यांनी उमेदीत मारल्यात. अमेरिकेबद्दल त्यांचं मत त्या मिनिटाला सुधारलं.

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. “जनावर किती दाती असतंय?”

अण्णांबद्दल इथं सांगायला हवं. सोयाबीन आणि तूर हा त्यांचा धंदा, पण जीव बैलात. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात त्यांना विचारल्याशिवाय आमच्या भावकीत जोडी घेतली जात नसे. देवणीत वानेरा कुठला, बालंक्या कुठला आणि शेवरा कुठला हे ते लांबून सांगतात, आणि लाल कंधारीवाल्या नांदेडकरांशी त्यांचं जुनं भांडण आहे. बैलाचं तोंड उघडून आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला हे बघितल्याशिवाय ते जनावराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आता समोर प्रश्न होता खाण्याच्या जनावराचा, पण जनावर ते जनावर.

नातू बिचारा अभ्यासू. त्यानं दुसऱ्या दिवशी माहिती काढून फोन केला. २००३च्या डिसेंबरात अमेरिकेत वेड्या गाईच्या रोगाचं पहिलं जनावर सापडलं, तेव्हापासून तीस महिन्यांच्या वरचं जनावर वेगळं धरतात, त्याचा मेंदू आणि मज्जारज्जू काढून टाकतात. जन्माचे कागद नसतील तर वय ठरवायचं कसं? कत्तलखान्यात सरकारी नियमानं दात बघतात. पक्क्या दातांची दुसरी जोडी फुटायला लागली की ते जनावर तीस महिन्यांच्या पुढचं.

“म्हंजे चारदाती भरत आलं की बाजूला,” अण्णा म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस ते ज्याला त्याला हे सांगत फिरले. अमेरिकेच्या सरकारकडे एवढे उपग्रह, एवढी यंत्रं, आणि शेवटी तेबी तोंडच उघडून बघतेत! गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना मुद्दाम गाठून त्यांनी हे दोनदा ऐकवलं.

नातवाला वाटलं आजोबा तयार झाले. तो उत्साहानं पुढं गेला. चांगलं स्टेकहाऊस मांस थंड खोलीत अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवस टांगून ठेवतं, पाणी उडतं, चव दाटते, आणि जितकं जुनं तितकं महाग. इथं आईनं फोन दुसरीकडे वळवला. ती माळकरी, पण बाहेर बसून ऐकणारे दाजी माळकरी नव्हते, त्यांचाही चेहरा बदलला. आम्ही रविवारी सकाळी खाटकासमोर उभं राहून, बोकड आहे की शेळी हे डोळ्यांनी बघून, घरी येईपर्यंत पिशवी कोमट लागली पाहिजे या हट्टानं मटण आणणारी माणसं. महिनाभर टांगलेल्या मांसाला जास्त पैसे मोजणारे लोक जगात आहेत, हे कळल्यापासून दाजींची अमेरिकेला जायची इच्छा कमी झाली आहे.

जपानी वाग्यूचंही निघालं. मांसात चरबीची नक्षी, वरच्या प्रतीला ‘ए-फाइव्ह’ म्हणतात, किंमत ऐकून कानात दडे बसतात. अण्णांनी विचारलं की मुळात ही जात कशाची. मुळात नांगराची. जपानात शेकडो वर्षं हे बैल शेतातच राबले. गोमांस उघडपणे खायला तिथं मेजी बादशहानं १८७२मध्ये स्वतः खाऊन दाखवल्यावर सुरुवात झाली. दम टिकावा म्हणून अंगात मुरलेली चरबी पुढं जिभेच्या कामी आली. “नांगरधऱ्याची ही गत,” एवढंच अण्णा म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. ज्याच्या शिंगांना पोळ्याला बेगड लावलं त्याच्याबद्दल ‘जरा कमी शिजवा’ असं वेटरला सांगणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. आणि तसंही, महाराष्ट्रात मार्च २०१५पासून बैल कापायलाही बंदी आल्यावर मोठमोठ्या हॉटेलांत स्टेक म्हणून येते ती बहुतेक म्हैसच. स्टेकहाऊस बाद झालं. पण ‘त्याच तोलाचं काहीतरी’ हा शब्दप्रयोग घरात राहून गेला आणि त्यानं पुढचा महिना खाल्ला.

तोलाचं म्हणजे काय? अक्कानं फलकनुमाचं नाव काढलं. हैदराबादच्या टेकडीवरचा तो महाल निजामाच्या पायगा घराण्यातल्या विकार-उल-उमरांनी १८८४ साली बांधायला काढला, पुढं सहाव्या निजामाकडे गेला, आणि २०१०पासून तिथं ताजचं हॉटेल आहे. पाहुण्यांना फाटकापासून घोड्याच्या बग्गीतून वर नेतात. आत एकशे एक माणसांचं एकच जेवणाचं टेबल आहे. २०१७मध्ये मोदींनी इव्हांका ट्रम्पला तिथंच जेवण दिलं होतं. एकशे एक माणसांचं टेबल ऐकून आईला ते हॉटेल पहिल्यांदा माणसांचं वाटलं.

अण्णा ताठ झाले. “निजामाच्या घरी?”

आमचा उदगीर-अहमदपूरचा मुलुख १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या दिवसांत आमच्या आजोबांनी घर सोडून रानात किती रात्री काढल्या याचा आकडा दर सप्टेंबरात वाढत असतो. त्याआधी १७६०मध्ये उदगिरीवर सदाशिवरावभाऊंनी निजामाला चारी मुंड्या चीत केलं होतं, त्याचंही श्रेय आमच्या भावकीत दोन घरं घेतात. अशा वंशातल्या माणसानं निजामाच्या महालात जेवावं की नाही?

आईचं मत पडलं की अवश्य जेवावं. “इतकी वर्सं सारा भरलाव त्याला. एक टाइम खाल्लं तर काय बिघडलं?”

“पर पैसे आपल्यालाच देयाचेत की,” अण्णा म्हणाले. “म्हंजे पुन्हा साराच.”

या वादात इतिहासाचे दोन मास्तर, एक तलाठी आणि रझाकारांच्या काळात तान्हं असलेले एक गृहस्थ एवढ्यांची मतं घेतली गेली. शेवटचा निजाम मीर उस्मान अली जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून १९३७मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर आला, जेकब हिरा कागदावर वजन म्हणून ठेवायचा, आणि तरी पाहुण्यांनी टाकलेली सिगारेटची थोटकं ओढायचा असं सांगतात. तलाठी म्हणाले, असल्या कंजूष माणसाच्या घरी पोट भरणार नाही. फलकनुमा तिथं मागं पडलं.

एव्हाना माझ्या ध्यानात एक गंमत आली होती. अण्णा, आई, अक्का, दाजी, माझी बायको, मी आणि दोन मुलं एवढे जण जेवायला जाणार होतो. आणि जागा ठरवण्यात सगळ्यात जड मत होतं ते न येणाऱ्यांचं. आपल्याला काय आवडेल हे कुणीच विचारत नव्हतं. परत आल्यावर सांगायला काय बरं दिसेल, यावर सगळा खल चालू होता. दाजींना लिफ्टनं वर जायचं हॉटेल हवं होतं, कारण त्यांच्या साडूनं पुण्यात विसाव्या मजल्यावर जेवल्याचं तीन लग्नांत सांगितलं होतं. माझ्या बायकोला तिच्या शाळेतल्या बाई कधी गेल्या नसतील असं काहीतरी हवं होतं. आणि अण्णांच्या डोळ्यांसमोर तर हाळीचा बाजार उभा होता. मी याला हसणार होतो, पण मग स्वतःला विचारलं की मला काय हवंय, तर मला लेख लिहिता येईल अशी जागा हवी होती.

अखेर निवड केली जीपच्या ड्रायव्हरनं. आमच्या भागातले पेशंट हैदराबादला नेऊन नेऊन त्याला ते शहर पाठ झालंय. पेशंटच्या श्रीमंत नातेवाइकांनी, आमदारांनी, कंत्राटदारांनी ऑपरेशन यशस्वी झाल्यावर कुठं जेवण दिलं, कुठं वाढप्या पुढंपुढं करतो, कुठं सेवाशुल्क गुपचूप लावतात हे त्याला ठाऊक. त्यानं बंजारा हिल्सवरचं एक मोठं हॉटेल सांगितलं. नाव इथं नको. पुढं बरंच काही यायचंय. अण्णांची एकच अट होती, ड्रायव्हर आपल्याच टेबलावर जेवेल. “त्यानं जोडी दाखवली, त्यालाच भाईर उभा करायचा का?”

हॉटेलच्या दारात पहिला अडथळा दाजींचा आला. सुट्टी म्हणून त्यांनी बर्मुडा घातली होती, मोठ्या फुलांची. दारावरच्या माणसानं फार नम्रपणे सांगितलं की आत अर्धी पँट चालत नाही. अण्णांच्या धोतराला मात्र त्यानं वाकून नमस्कार केला. दाजी जीपमध्ये गेले आणि अण्णांचं जादा धोतर नेसून आले. दाजी स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदाच धोतर नेसत होते. अक्कानं जीपच्या आडोशाला उभं राहून काष्टा घालून दिला. मग नमस्कार दोघांनाही मिळाला.

आत गेल्यावर अण्णा बसेनात. बैल घेताना माणूस आधी त्याला चालवून बघतो, खूर बघतो, शेपटी पिळतो, मग दावणीपाशी उकिडवा बसून चहा पितो. तसं त्यांनी हॉटेल एकदा सगळं चालून घेतलं. खुर्चीचा पाय हलवून बघितला. टेबलक्लॉथचा पोत अंगठ्यानं चोळला. स्वयंपाकघर बघायचंय म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना नेलंही. परत येऊन म्हणाले, “बायका एकबी न्हाई आत. पर भांडी घासलेली हायत.” म्हणजे सौदा पुढं न्यायला हरकत नव्हती.

वेटरनं विचारलं, पाणी कोणतं? साधं, बाटलीतलं, की बुडबुड्याचं? आणि बाटलीतलं असेल तर देशी की इटलीचं?

लातूरकर माणसाला बाहेरगावच्या पाण्याचं कौतुक नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा स्टेशनवर पाण्याचे फोटो काढायला दिल्लीहून माणसं आली होती. त्यामुळे इटलीहून पाणी येतं हे आम्हाला शक्य वाटलं. अण्णांनी फक्त विचारलं, “रेल्वेनं की इमानानं?” वेटर हसला. मी त्याला सांगितलं की हसू नका, त्या मिरजेच्या पाण्याचंही रेल्वेनं नंतर चार कोटींचं बिल पाठवलं होतं. तेव्हा आम्ही साधं पाणी मागितलं.

मेन्यूतले दर अण्णांनी सोयाबीनमध्ये मोजायला घेतले. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४,३०० होता. बाजाराचा धरून ते सरळ पाच हजारानं हिशेब करत होते. सूप चौदा किलो. सॅलड, म्हणजे चिरलेली काकडी, सतरा किलो. पनीरची एक डिश होती ती बत्तीस किलोला जाईना. “एवढ्यात चार बॅगा खत येतंय,” हे त्यांनी मराठीत म्हटलं, पण पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं मान हलवली. तो निघाला निलंग्याचा. त्याचं कोणीतरी ॲडमिट होतं.

आणि मग ‘एडामामे’ आले.

माझ्या मुलीनं मागवले होते. जपानी पदार्थ आहे, खूप प्रोटीन असतं, म्हणाली. काळ्या दगडी वाडग्यात हिरव्या शेंगा, वाफवलेल्या, वर जाडं मीठ. अण्णांनी एक शेंग उचलली. दिव्याकडे धरली. बोटांनी दाबली, दाणा तळहातावर घेतला आणि त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना इतकं अवाक झालेलं आईनं पाहिलं नव्हतं.

“ह्ये सोयाबीन हाय,” ते म्हणाले.

वेटर म्हणाला, “एडामामे, सर. जापनीज.”

“आरं, सोयाबीन हाय रे बाबा. मी रोज बघतोय. दाणा भरलाय, पर वाळला न्हाई अजून.”

ड्रायव्हरनं एक खाऊन शिक्कामोर्तब केलं. सोयाबीन. आता लातूर जिल्ह्यात सोयाबीनचा समुद्र असतो, भाव पडला की मोर्चे निघतात, पण खुद्द शेतकऱ्याच्या चुलीवर ते जवळजवळ चढत नाही. ते जातं गिरणीत, तिथून तेल एकीकडे आणि पेंड कोंबड्यांकडे. ज्वारीचा हुरडा आम्ही गोवऱ्यांच्या आरात भाजून, सोबत चटणी-गुळ घेऊन, पाहुणे बोलावून खातो. हिरव्या सोयाबीनचा तसाच काही मान असतो आणि त्यासाठी शहरातले लोक रांगेनं पैसे देतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णांनी वाडग्यातल्या शेंगा मोजल्या. मग दर बघितला. मग त्यांचे ओठ हलायला लागले. एकरी किती झाडं, झाडाला किती शेंगा, शेंगेला किती रुपये. हिशेब एकरी कोटींच्या घरात जायला लागला तेव्हा आईनं त्यांच्या हातातली शेंग काढून घेतली.

आईचीही पाळी आलीच. ती मांस खात नाही, हे कळल्यावर खुद्द शेफ बाहेर आला. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं, त्यामुळे सगळ्या मोठ्या हॉटेलांना ज्वारी-बाजरीचा उमाळा आला होता. त्यानं स्वतः शिफारस केली, ज्वारीचा रिसोटो. आला तो खोल ताटात, वर एक पान उभं रोवून. आईनं पान बाजूला केलं, घास घेतला आणि म्हणाली, “कण्या हायत.” दुष्काळी कामावर दिवसभर गिट्टी फोडल्यावर रात्री ज्या खाल्ल्या त्याच कण्या, फक्त ताकाऐवजी चीज. चव कशी आहे, असं शेफनं हिंदीत विचारलं. तिनं जे सांगितलं ते अक्कानं भाषांतरात गाळलं. मूळ वाक्य असं होतं: “तवा गिट्टी फोडली की मिळायच्या. आता ह्या पैशात तर गिट्टीवालाच इकत घेता यील.”

सगळ्यात शेवटी आलं ते पत्थर का गोश्त. स्टेक नाही म्हटल्यावर ड्रायव्हरनंच सुचवलं होतं, हैदराबादचा स्टेक म्हणजे हाच. निजाम शिकारीला गेला, खानसामे सळया विसरले, म्हणून दगड तापवून त्यावर बकऱ्याचं मांस भाजलं, अशी कथा सांगतात. कुठला निजाम, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नसतं. समोरच्या गाड्यावर ग्रॅनाइटची जाड फरशी तापवलेली होती, त्यावर पपईत मुरवलेले पातळ काप चर्रर्र वाजत होते. अण्णा उठून फरशीजवळ गेले. दगडावरून हात फिरवता येत नव्हता, म्हणून लांबूनच बघितलं.

“चांगला हाय दगड,” ते आईला म्हणाले. “आपण फोडत हुतो, ह्ये भाजायलेत.”

गोश्त मात्र सगळ्यांना आवडलं. मऊ होतं, लिंबू छान होता. दाजींनी दोनदा घेतलं आणि धोतर सैल केलं. रस्सा नव्हता, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त अण्णांनी डाळ मागवून ती गोश्तावर ओतली. शेफ तेवढ्यात आत गेला होता, हे बरं झालं.

बिल कातडी पाकिटात आलं. साडेसात हजारांवर भाड्याच्या खोल्या असलेल्या हॉटेलात जेवणावर १८ टक्के जीएसटी असतो, साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. म्हणजे वर झोपणाऱ्या माणसाची खोली महाग म्हणून खाली जेवणाऱ्याच्या कण्याही महाग. हे मला त्या पाकिटात कळलं. मी पाकीट मिटलं आणि अक्कानं आणि मी कार्डावर भागवलं. आकडा अण्णांनी बघितला नव्हता असं आम्हाला वाटलं. पण ज्याला बाजारात दुसऱ्याच्या दस्तीखाली चाललेला सौदा चेहऱ्यावरून कळतो, त्याला पोराचा चेहरा कळणार नाही?

परत आल्यावर गाव भेटायला आलं. ‘काय खाल्लं’ हे दुसऱ्या नंबरवर. पहिला प्रश्न ठरलेला, किती झालं? अण्णांनी प्रत्येकाला वेगळा आकडा सांगितला. सोसायटीच्या सचिवाला खऱ्याच्या चौथाई, कारण कर्ज नवं-जुनं करायचं होतं. आमच्या व्याह्यांना दुप्पट. काकूंना सांगितलं, फुकट होतं, सरकारी योजनेत बसलं. काकूंनी योजनेचं नाव विचारलं, आणि आता त्यांच्या सुनेला अर्ज भरायला तहसीलला पाठवलंय.

पण खरा आकडा हाळीच्या बाजारात निघाला. बैल बघायला म्हणून अण्णा गेले, मी सोबत होतो. जुना एक व्यापारी भेटला, त्यानंही तेच विचारलं. अण्णांनी इकडंतिकडं बघितलं, खांद्यावरची दस्ती काढली, दोघांच्या हातांवर टाकली आणि खाली त्याची बोटं एकेक करून दाबली. व्यापाऱ्याची भुवई चढत गेली. त्यानं पुन्हा बोटं चाचपली, खात्री केली, आणि विचारलं, “जोडीचे?”

“जोडी, सहा वासरं आन्‌ ड्रायव्हर धरून,” अण्णा म्हणाले.